यमुनाचे आठ दिवस

माझी बायको गोड नव्हती. ती जाऊन सव्वा वर्ष झालं, आणि तेव्हापासून घरी येणारा जो तो सांगतो, यमुनाबाईंचा स्वभाव किती गोड. मी ऐकून घेतो, चहा करतो. गेलेल्या माणसाला गोड म्हणायची पद्धत आहे. पण मी तिच्याबरोबर एकतीस वर्षं काढली, त्यातली वीस-बावीस तर एकाच कंपनीत, म्हणून खरं काय ते लिहितो. ती खडूस होती. चुकीचं बोललात तर मधेच थांबवायची, मग तुम्ही सासरे असा नाहीतर सरपंच. आणि आता घरात मला कुणी थांबवत नाही, तर मला दिवसभर काही सुचत नाही.

मी सातवी नापास. लिहायची सवय म्हणजे गेटच्या रजिस्टरची: गाडी नंबर, आत, बाहेर, सही. तेव्हा जमेल तसं लिहितो.

नाशकाजवळ अंबडच्या एमआयडीसीत आमची कंपनी. विजेचे स्विच बनायचे. मी गेटवर वॉचमन, ती असेंब्लीत. स्विचच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी स्प्रिंग असते, ती चिमट्यानं उचलून खाचेत बसवायची. दिवसभर तेच. चाळीस बाया एका लांब टेबलाला बसायच्या, आणि यमुना टेबलाच्या टोकाला, कारण तिथून दार दिसतं.

सकाळी सातचा भोंगा. ती पावणेसातलाच यायची आणि गेटसमोरच्या नाल्याच्या कठड्यावर बसून राहायची. बाकीच्या बाया आत जाऊन टेबलं पुसायच्या, खोके लावायच्या. ही नाही. सातला दोन मिनिटं कमी असताना उठायची, लुगडं झटकायची, कार्ड पंच करायची. थंडीत एकदा मी म्हणालो, बाहेर कुडकुडत कशाला बसते, आत बस. तर म्हणाली, रोजची दहा मिनिटं फुकट दिली तर वर्षाचे किती दिवस होतात ते काढा, मग बोला. मी गेटवर बसून काढले. सहा दिवस निघाले. परत त्या विषयावर बोललो नाही.

पण हेही सांगतो. सुटायच्या वेळी पंचिंगच्या मशिनीपुढे पाच मिनिटं आधीच रांग लागायची, त्यात यमुना कधी दिसली नाही. भोंगा झाल्यावर चिमटा खाली ठेवायची. आणि एकदा शहर बस बंद पडली म्हणून ती तीन मिनिटं उशिरा आली, तर मी रजिस्टरात काही लिहिलं नाही. बायको आहे, तीन मिनिटं आहेत, कोण बघतो. ती दहा पावलं आत गेली आणि परत आली.

"लिवा," म्हणाली.

मी म्हणालो, जा गं. तर तिथंच उभी. मागं ट्रक हॉर्न वाजवतोय. शेवटी लिहिलं, तिला दाखवलं, तेव्हा गेली. बाकीचे वॉचमन महिनाभर मला 'लिवा' म्हणून हाक मारत होते.

चुंचाळ्याच्या आमच्या खोल्यांना एक नळ होता, सहा घरांत मिळून. तिथंही तिची रांग. माझी आई एकदा सून पुढं आहे म्हणून मधेच कळशी लावायला गेली, तर हिनं कळशी उचलून रांगेच्या शेवटी नेऊन ठेवली. आई दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी जेवली, कारण तिला भरवायला यमुनाच बसली होती.

आता खरी गोष्ट सांगतो. नव्वदीतली, मधल्या वर्षांतली आहे.

आम्ही दोघं हरसूलकडचे. माझं घर लहानपणीच उठलं, बाप नाशकात द्वारका चौकात ट्रकवर हमाली करायला आला, मी तिथंच वाढलो. शेती मला बघून माहीत. तिचं तसं नव्हतं. तिचे वडील गेलेले, भाऊ नाही, आई एकटी, आणि डोंगराच्या पायथ्याला भाताची चार खाचरं. म्हणून यमुना दरवर्षी आषाढात दहा दिवस पगारी रजा काढायची आणि आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला जायची. कंपनीतल्या बाया रजा काढून लग्नाला जात, देवाला जात. त्या हिला म्हणायच्या, तुझी कसली गं सुट्टी, दहा दिवस चिखलात वाकून यायची. ती म्हणायची, मला वाकायलाच आवडतं, इथल्यासारखं खुर्चीत बसून ढुंगण दुखत नाही.

घरी ती कधी 'रजा' म्हणायची नाही. म्हणायची, माझे दिवस.

आमच्याकडं सावड असते. सावड म्हणजे मजुरी नाही. आज आठ घरं मिळून तुमच्या खाचरात लावणी करतात, उद्या तुम्ही त्यांच्या. पैशाचा संबंध नाही, दिवसाला दिवस. यमुना गेली की तिच्या आईच्या खाचरातही लोक येत आणि ती त्या आठही घरांना एकेक दिवस जात असे. सावडीचा एक नियम मी तिच्याकडूनच ऐकला: माणूस आजारी पडला तर त्याचा दिवस बुडत नाही, पुढं जातो. लावणीचा राहिला तर कापणीला द्यायचा. पण द्यायचा. जो देत नाही त्याच्या शेतात पुढच्या साली कुणी पाय ठेवत नाही. भांडण करत नाहीत, नुसते येत नाहीत.

त्या साली गावानं सगळ्यात आधी तिच्या आईची खाचरं घेतली, म्हातारीला दिसायला कमी झालं होतं म्हणून. यमुना पोचली, दोन दिवस आईच्या खाचरात लावणी झाली, आणि तिसऱ्या दिवशी ती हिवतापानं आडवी. सरकारी दवाखान्यात खाटेवर आठ दिवस. मी गेलो तेव्हा दातावर दात आपटत होते आणि ती मला आठ घरांची नावं सांगत होती, कुणाकडं कधी जायचं राहिलं त्याची. मला वाटलं तापात बडबडते. बडबडत नव्हती.

बरी होऊन परत आली ती सरळ विमा दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गावच्या दवाखान्याचे कागद, रक्ताचा रिपोर्ट सगळं नीट बघितलं आणि आठ दिवसांचा आजारपणाचा दाखला लिहून दिला. तो घेऊन यमुना टाइम ऑफिसात. क्लार्क म्हणाला, हे कशाला? तुमची तर रजा मंजूर होती, दहाही दिवस पीएलमध्ये, पगारी रजेत गेले. वर्षाची पीएल संपली तुमची.

ती म्हणाली, दोनच दिवस घेतले. आठ दिवस मी दवाखान्यात होते, ते आजारपणात धरा आणि माझे आठ दिवस मला परत द्या, कापणीला लागतील. क्लार्क हसला. रजेत आजारी पडलात ते तुमचं नशीब, म्हणाला.

तिनं हे मला गेटवर सांगितलं तेव्हा तिचा चेहरा असा होता की मी आधी गेट लावून घेतलं.

खरं सांगायचं तर मी घाबरलो. दोघांची नोकरी एका कंपनीत, म्हणजे एकाच्या भांडणात दोघं जाणार. मी म्हणालो, बिनपगारी जा कापणीला. ती म्हणाली, दिवाळीच्या मागंपुढं ऑर्डरी असतात, बिनपगारी देतच नाहीत, न विचारता गेले तर मेमो. आणि दिली तरी का जाऊ? माझे दिवस असताना मी भीक कशाला मागू? मी म्हणालो, मग एक वर्ष सावड चुकू दे, लोक समजून घेतील, तू मरता मरता वाचलीस. त्यावर ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही. भाकरी ताटात पडायची, पण आवाज येईल अशी.

युनियनचे सेक्रेटरी आहेर. माणूस चांगला, सटाण्याकडचा, रागावला किंवा अडचणीत आला की अहिराणीत जायचा. यमुना त्याच्याकडं गेली. त्यानं करारनाम्याचं पुस्तक उलटसुलट बघितलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "तुनं म्हननं खरं शे ताई, पन करारमा असं कलम नही." तिनं विचारलं, रजेत आजारी पडलं तर रजा जाते असं कलम आहे का? आहेरनं परत पुस्तक बघितलं. तसंही नव्हतं. मग म्हणाली, तर मग दोघं बरोबरीत आहोत, मी आणि कंपनी. आहेर म्हणाला, पुढच्या कराराला बघू. पुढचा करार दोन वर्षांनी होता.

आमच्या कंपनीत दसऱ्याच्या आधी सगळ्यांच्या रजेची कार्डं भरायचे आणि ज्याची त्याची सही घ्यायचे. दिवाळीनंतर कारखाने तपासणीचे साहेब यायचे, त्यांना सहीची कार्डं दाखवावी लागत. आम्ही आपले डोळे झाकून सही ठोकायचो. यमुना चौथी शिकलेली, पण तिनं बोट ठेवून कार्ड वाचलं. पीएलच्या खान्यात दहा, आजारपणाच्या खान्यात शून्य. तिनं कार्ड परत ठेवलं आणि म्हणाली, हे माझं नाही.

क्लार्क म्हणाला, नाव तुमचंच आहे. ती म्हणाली, नाव माझं हाय, हिशोब माझा नाय.

दुसऱ्या दिवशी पर्सोनेलच्या वैद्य साहेबांनी तिला बोलावलं. वैद्य साहेब वाईट नव्हते. शांत बोलायचे, बायांना 'अहो' म्हणायचे. पण त्यांचं म्हणणं ठरलेलं असायचं. त्या बोलाचालीत मी होतो, म्हणून सांगू शकतो. मी का होतो, तर यमुनानं आत गेल्या गेल्या सांगितलं, गेटचं रजिस्टर मागवा. साहेबांना वाटलं, ती आली-गेली कधी त्याचा काही पुरावा असेल. शिपाई मला बोलवायला आला. मी रजिस्टर काखेत धरून गेलो आणि दाराशी उभा राहिलो. तिनं माझ्याकडं बघितलं पण नाही.

साहेब म्हणाले, बसा. ती म्हणाली, बसले की मी इसरते, उभीच बरी.

साहेबांनी समजावून सांगितलं. तुम्ही रजा मागितली, आम्ही दिली. रजेत तुम्ही लग्नाला जा, देवाला जा, नाहीतर आजारी पडा, त्यात कंपनीचा काय संबंध? शब्दाला शब्द बरोबर होता. मला वाटलं, झालं, संपलं.

ती माझ्याकडं वळली आणि म्हणाली, "उन्हाळ्यात लाइट गेली त्या दिवसांचं काय लिवलंय, ते वाचा."

आता मला कळलं. आमच्याकडं उन्हाळ्यात लाइट जायची. सकाळी लोक आलेले असायचे, तास-दीड तास बसून राहायचे, मग सुपरवायझर सांगायचे, आज घरी जा, आजचा दिवस रविवारी भरून द्या. आणि रविवारी सगळे यायचे. मी पानं उलटली. वाचलं: वीज नाही, कामगार सोडले, बदली रविवार. पुढं गेलो. वीज नाही, कामगार सोडले, बदली रविवार. त्या उन्हाळ्यात असं चार वेळा झालं होतं. चारही वेळा माझीच सही.

"सायेब," यमुना म्हणाली, "लाइट गेली त्यात आमचा काय संबंध व्हता? तरी आमी रविवारी आलो. का आलो? ज्या दिवसाचं काम झालं नाय, तो दिवस तुमी बुडू देत नाय, पुढं नेता. बरोबर हाय तुमचं. मंग माझी रजा झाली नाय. मी खाटंवर व्हते. माझा दिवस का बुडवता?"

साहेब म्हणाले, अहो, ते वेगळं आहे.

"कसं वेगळं, ते सांगा. मी उभी हाय."

साहेबांनी माझ्याकडून रजिस्टर घेतलं, चारही पानं स्वतः बघितली आणि दाखला परत एकदा वाचला. मग म्हणाले, हे मला वरती विचारावं लागेल. तोपर्यंत कार्डावर सही करून टाका, तपासणी आहे. ती म्हणाली, वरती विचारून या, मग करते. आणि निघाली. दारात माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाली, वाचलं बरं.

लग्नाला तेव्हा पंधराएक वर्षं झाली असतील. एवढी शाबासकी तिनं मला पहिल्यांदा दिली.

वरून काही उत्तर येईना. पण टेबलावर गोष्ट पसरली. लाइटची गोष्ट सगळ्यांना पटली, कारण ते रविवार सगळ्यांनीच भरले होते. दुसऱ्या दिवशी क्लार्क कार्डांचा गठ्ठा घेऊन असेंब्लीत आला, तर पहिली बाई म्हणाली, यमुनाताईचं कार्ड दुरुस्त झालं की मी करते सही. दुसरी तेच म्हणाली. तिसरी लाजाळू होती, ती नुसती मान हलवून स्प्रिंग बसवत राहिली. क्लार्क टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि चाळीस बिनसहीची कार्डं घेऊन परत आला. कुणी घोषणा दिली नाही, काम कुणी थांबवलं नाही, माल रोजच्याएवढाच निघाला. यमुनानं सांगून ठेवलं होतं, एक स्विच कमी करायचा नाही, नाहीतर भांडण दुसऱ्याच गोष्टीचं होईल.

त्या दोन-तीन दिवसांत आहेरला एकाएकी कलम सुचलं. तो साहेबांकडं जाऊन बसला, मोठमोठ्यानं बोलला, आवाज गेटपर्यंत आला. पुढं वर्षानुवर्षं तो सभेत सांगायचा की हे आपण मिळवलं. मी एकदा यमुनाला म्हणालो, तुला राग नाही येत? ती म्हणाली, त्याला नाव घेऊ द्या, मला दिवस मिळाले.

पाचव्या दिवशी नोटीस लागली. कॅन्टीनच्या बाजूच्या फळ्यावर, शिक्क्यासकट. मंजूर रजेच्या काळात कामगार आजारी पडल्यास आणि विमा दवाखान्याचा दाखला दिल्यास, ते दिवस आजारपणात धरण्यात येतील व तितकी पगारी रजा शिल्लक राहील. जेवणाच्या सुट्टीत तिनं मला गेटवरून ओढत नेलं आणि तीनदा वाचून घेतलं. मागं बाया उभ्या होत्या. कुणीतरी तिच्या पाठीत धपाटा घातला, कुणीतरी कॅन्टीनमधून गुळाचा खडा आणून तिच्या तोंडात कोंबला. गूळ चघळत ती म्हणाली, साधं मराठी तर हाय, आधीच लिवायला काय झालं व्हतं.

सुटताना तिनं कार्डावर सही केली. सही म्हणजे पूर्ण नाव, यमुना काळू भोये, सावकाश, एकेक अक्षर. वैद्य साहेब स्वतः बाहेर आले होते. म्हणाले, यमुनाबाई, आता तरी बसा. ती म्हणाली, आता बसते, आणि खरंच खुर्चीवर बसली, आणि साहेबांनी मागवलेला चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायली.

ती नोटीस फळ्यावरून कधीच गेली, पण नियम राहिला. दोन हजार सालानंतर कंपनीत नव्या पोरी लागल्या, कंत्राटातून कायम झालेल्या. एकदा एक पोरगी, रजेत कावीळ झालेली, गेटवर दाखला दाखवून मला समजावत होती, मामा, आपल्या कंपनीत असा नियमच आहे, माझे दिवस मला परत मिळतात. माझ्यामागं यमुना कार्ड पंच करत होती. मी तोंड उघडणार, तर तिनं डोळे वटारले. पोरगी आत गेल्यावर म्हणाली, नियम हाय म्हनती ना ती? मंग झालं. कुणी केला ते तिला कशाला पायजे.

शेवटची दोन वर्षं तिची आजारपणात गेली. ते मी लिहिणार नाही. लोक विचारतात, शेवटी काय म्हणाल्या, त्रास झाला का. मी उत्तर देत नाही. मला तिचं दवाखान्यातलं तोंड आठवायचं नाही, आणि मी आठवतही नाही. डोळे मिटले की मला त्याच सालची कापणी दिसते.

दिवाळीनंतर ती परत मिळवलेले आठ दिवस घेऊन गावाला गेली. आठ घरं, आठ दिवस. माझी साप्ताहिक सुट्टी तिच्या आठव्या दिवशी येत होती, म्हणून मी तिला आणायला गेलो. एसटीतून उतरून मैलभर चाललो. भात पिवळं झालेलं, बांधावर पेंढ्यांच्या ओळी. तिची आई बांधावर बसली होती, दिसत नव्हतं तरी शेताकडं तोंड करून. आल्यागेल्याला सांगत होती, पोरीनं सगळ्यांचं फेडलं, आज शेवटचं घर.

शेवटचं घर एका म्हाताऱ्याचं. तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, पाव्हनं, मी हिला सकाळीच सांगितलं, तुझा दिवस मी सोडला, तू दुखण्यातून उठली, जा घरी. ऐकत नाही. दुपारी परत सांगितलं, तरी ऐकत नाही. तुम्ही सांगा. मी म्हणालो, बाबा, मी सांगून ऐकली असती तर आज इथं कशाला असतो?

तिनं मला बघितलं. कंबरेवर हात ठेवून सरळ झाली, विळा दुसऱ्या हातात. कपाळाला माती, डोक्याला फडकं, ऊन तोंडावर. आजारपणात गेलेलं मांस अजून भरलं नव्हतं, पण दात सगळे दिसत होते.

"आलात?" म्हणाली. "मंग तिथं कशाला उभं, इथं काय गेट नाय. विळा घ्या."

मी चपला काढून बांधावर ठेवल्या आणि आत उतरलो. मला विळा धरता येईना, बाकीच्या बाया खो खो हसल्या, म्हाताराही हसला. मी कसंबसं कापत कापत तिच्या जवळ पोचलो तेव्हा खाचरात कापायची एकच ओळ, एकच पात उरली होती, तिची. मी म्हणालो, तू बस, ही मी काढतो.

तिनं मला कोपरानं बाजूला सारलं, वाकली, आणि ती पात शेवटच्या बुडख्यापर्यंत एकटीनं कापली.